एआयनं अख्खा बँड बनवून दाखवला, मग वाशिमच्या पोरांनी गिटार कशाला शिकायची?

२०२५ चा जुलै महिना. संगीताच्या जगात एकाच वेळी दोन गोष्टी घडत होत्या.

पहिली घडली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात. ५ जुलैला तिथल्या व्हिला पार्क स्टेडियमवर 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. १९६८ मध्ये याच शहरात सुरू झालेला हा बँड. हेवी मेटल नावाचं जे जोरकस, काळोखं संगीत आपण ओळखतो, त्याची सुरुवात बहुतेक लोक यांच्यापासूनच धरतात. मूळचे चारही जण त्या दिवशी स्टेजवर होते. गायक ऑझी ऑस्बर्नला उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्यानं सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गाणी म्हटली. त्यानंतर सतरा दिवसांनी, २२ जुलैला तो गेला.

दुसरी गोष्ट घडली स्पॉटिफायवर. 'द वेल्व्हेट सनडाउन' नावाचा एक नवा रॉक बँड जूनमध्ये तिथं उगवला. काही आठवड्यांत दोन अल्बम आले आणि महिन्याला ऐकणाऱ्यांचा आकडा दहा लाखांच्या पुढं गेला. गाणी जुन्या सत्तरच्या दशकातल्या रॉकसारखी, कानाला गोड. फक्त एकच अडचण होती. या बँडला कुणी कधी पाहिलं नव्हतं. एकही लाइव्ह शो नाही, आणि फोटो बघावेत तर चेहरे जरा जास्तच गुळगुळीत.

पुढं बँडच्या प्रोफाइलवरच लिहून आलं की हा एआयच्या मदतीनं केलेला 'सिंथेटिक' संगीत प्रकल्प आहे. म्हणजे बँडमध्ये माणसंच नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, बर्मिंगहॅम आणि स्पॉटिफायच्या या भानगडीचा वाशिमशी काय संबंध? तर संबंध आहे. कारण वाशिम, रिसोड नाहीतर कारंज्यातल्या एखाद्या पोरानं आज गिटार हातात घेतली, तर त्याच्यापुढं पहिला प्रश्न हाच उभा राहतो. मशीन मिनिटभरात अख्खं गाणं बनवत असेल, तर आपण वर्षानुवर्षं बोटं कशाला दुखवून घ्यायची?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. रॉक बँडचा 'स्वतःचा आवाज' म्हणतात तो तयार कसा होतो?

एका कारखान्यात बोटं कापली आणि...

ब्लॅक सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर, आणि हा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला. वय १७ वर्षं. एके दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा आहे, म्हणजे गिटारच्या तारा तो दाबतो उजव्या हातानं. जी बोटं सगळ्यात जास्त लागतात, तीच गेली.

डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. पण कारखान्यातल्या एका साहेबानं त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. या राइनहार्टचीही दोन बोटं आगीत निकामी झाली होती, तरी तो वाजवायचा. आयोमीनं घरी येऊन प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्यापासून बोटांना टोपणं बनवली, वरून चामडं लावलं आणि पुन्हा वाजवायला बसला.

पण जाड तारा त्या टोपणांनी दाबल्या जात नव्हत्या, म्हणून त्यानं पातळ तारा लावल्या. नंतर बोटांना ताण कमी पडावा म्हणून तारा सैलही केल्या. तार सैल झाली की स्वर खाली उतरतो, आवाज जड आणि भारी होतो. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बमवर हा उतरलेला स्वर स्पष्ट ऐकू येतो. पुढं जगभरच्या मेटल बँड्सनी मुद्दाम तारा सैल करून तोच आवाज उचलला.

यातली गंमत लक्षात घ्या. आयोमी 'चला, काहीतरी वेगळं करू' असं ठरवून बसला नव्हता. त्याला इतरांसारखं वाजवणं शक्यच नव्हतं. स्वतःच्या अडचणीतून त्यानं रस्ता काढला आणि तोच त्याचा आवाज ठरला. त्या आवाजात त्याचं शहर आलं, कारखाना आला आणि तुटलेली बोटंही आली.

मुंबईच्या बँडनं काय केलं होतं?

आता आपल्याकडं येऊ. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड सुरू झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही त्यांची गाजलेली टीम.

त्या काळात आपल्याकडच्या रॉक बँडचं काम ठरलेलं होतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोठ्या बँड्सची गाणी हुबेहूब वाजवायची. याला म्हणतात 'कव्हर'. त्या बँड्सना प्रत्यक्ष बघायला मिळणं आपल्याकडच्या पोरांना जवळपास अशक्य होतं. त्यामुळं जो सगळ्यात हुबेहूब वाजवेल तो सगळ्यात भारी. लोकांची फर्माईशही तीच. रॉक मशीनची सुरुवातही अशीच झाली.

मग या पोरांनी ठरवलं की आता स्वतःची गाणी वाजवायची. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा समोरचं पब्लिक ओळखीचं गाणं मागतंय आणि तुम्ही त्यांना कधी न ऐकलेलं गाणं ऐकवताय, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. तरीही १९८८ मध्ये त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम आला आणि त्यात स्वतःची गाणी होती. १९९० मध्ये दुसरा अल्बम आला.

खरी वळणाची गोष्ट पुढं घडली. १९९३ मध्ये या बँडनं स्वतःचं नावच बदललं. रॉक मशीन हे नाव अख्ख्या देशातल्या कॉलेजांमध्ये पोचलं होतं, म्हणजे चालतं दुकान होतं. पण त्या नावात ते कुठले हे कुठंच दिसत नव्हतं. असा बँड लंडनमध्येही असू शकला असता. नवं नाव घेतलं 'इंडस क्रीड'. इंडस म्हणजे सिंधू. १९९५ मध्ये याच नावाचा अल्बम आला आणि त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा पुरस्कारही मिळाला.

पण याचा शेवट 'आणि ते सुखानं नांदू लागले' असा झाला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडं बँड फुटला. हिंदी पॉप आणि सिनेमाच्या लाटेत इंग्रजी रॉकला जागा उरली नव्हती. उदय बेनेगल आणि जयेश गांधी अमेरिकेत गेले आणि तिथं 'आल्म्स फॉर शांती' नावानं भारतीय संगीत मिसळून नवं काम सुरू केलं. २०१० मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. म्हणजे दोन अल्बमच्या मध्ये १७ वर्षांचं अंतर.

या गोष्टीतून दोन मुद्दे निघतात. एक, नक्कल सोडणं ही पहिली पायरी आहे आणि 'आपण कुठले' हे सांगणं ही दुसरी. दोन, या दोन्ही पायऱ्यांची किंमत बँडलाच चुकवावी लागते.

नक्कलीला पैसे, स्वतःच्या गाण्याला शांतता

हे फक्त भारतातच होतं असं नाही. बीटल्ससारखा बँड १९६० ते १९६२ या काळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र-रात्र दुसऱ्यांची गाणी वाजवत होता. १९६३ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर १४ गाणी होती, त्यातली ६ दुसऱ्यांचीच. म्हणजे कव्हर वाजवण्यात कमीपणा काही नाही. हात तिथंच बसतो. प्रश्न फक्त एवढाच की तिथून बाहेर कधी पडायचं.

दिल्लीचा 'ब्लडीवूड' बघा. करण कटियार हा वकिली सोडून आलेला माणूस. त्यानं गायक जयंत भडुलासोबत २०१६ च्या सुमारास गाजलेल्या पॉप गाण्यांची मेटलमध्ये टिंगल करणारे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. ते चाललेही. तेवढ्यावर आरामात निभावलं असतं. पण पुढं त्यांनी स्वतःची गाणी लिहिली, हिंदी-पंजाबी शब्द घेतले, गिटारच्या जोडीला ढोल आणि बासरी आणली आणि विषय घेतले नैराश्य, लैंगिक अत्याचार, राजकारण असे. २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेन या जगप्रसिद्ध मेटल महोत्सवात वाजले. २०२२ मध्ये 'रक्षक' आणि २०२५ मध्ये 'नू दिल्ली' हे अल्बम आले. आपल्या दिल्लीचंच नाव त्यांनी अल्बमला दिलं.

त्याआधीचं उदाहरण 'इंडियन ओशन'. १९९० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या बँडचा बेसिस्ट राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. नर्मदेच्या खोऱ्यात ऐकलेलं लोकगीत तो बँडमध्ये घेऊन आला, तेच त्यांचं 'माँ रेवा'. हे गाणं स्टुडिओत बसून सुचणारं नव्हतं, त्यासाठी त्या गावांत राहावं लागलं होतं.

चेन्नईत २०१८ च्या जानेवारीत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' पहिल्यांदा स्टेजवर आला. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकारातून उभा राहिलेल्या या बँडनं उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधलं 'गाना' हे गाणं, रॉक आणि रॅप यांची सांगड घातली आणि थेट जातीवर गाणी केली. आपल्याकडं मुंबईत 'धम्म विंग्ज' बुद्ध आणि बाबासाहेबांवरची गाणी रॉकमध्ये वाजवतो, तर 'अभंग रिपोस्ट' संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सच्या साथीनं गातो.

यातल्या कुणीही रॉकचा नवा सूर शोधून काढलेला नाही. गिटार तीच, ड्रम्स तेच. वेगळी आहे ती माणसं आणि ती जिथून आली ती जागा.

मग एआयनं नेमकं काय बदललं?

आता परत वेल्व्हेट सनडाउनकडं येऊ. डीझर ही फ्रान्सची म्युझिक स्ट्रीमिंग कंपनी. तिनं सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की तिच्याकडं रोज ३० हजारांहून जास्त गाणी पूर्णपणे एआयनं बनवलेली येतात. रोज येणाऱ्या एकूण गाण्यांच्या हे प्रमाण सुमारे २८ टक्के होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डीझर आणि इप्सॉसनं आठ देशांतल्या नऊ हजार लोकांची पाहणी जाहीर केली. त्यातल्या ९७ टक्के लोकांना एआयचं गाणं कोणतं आणि माणसाचं कोणतं हे ओळखता आलं नाही.

हा ९७ चा आकडा नीट समजून घ्यायला हवा. 'माणसाच्या गाण्यात जीव असतो, तो लगेच कळतो' असं आपण म्हणतो. पण निव्वळ कानानं ते कळत नाही, असं हा आकडा सांगतो. म्हणजे 'आमचा साउंड वेगळा आहे' एवढ्यावर यापुढं भागणार नाही. मशीन ढोल वाजवेल, बासरी वाजवेल, आणि उद्या खंजिरीही वाजवेल.

पण मशीन शिकतं ते आधी झालेल्या गाण्यांवरून. जे हजारो वेळा वाजलंय, त्याची ते झकास सरासरी काढतं. वेल्व्हेट सनडाउन सत्तरच्या दशकातल्या रॉकसारखा वाजतो, कारण तसं रॉक ढिगानं रेकॉर्ड झालेलं आहे. आयोमीनं तारा सैल केल्यानंतर तसा आवाज काढणं कुणालाही जमेल, पण पहिल्यांदा तार सैल करण्याचं कारण मशीनकडं नव्हतं. त्याला बोटंच नाहीत, तर तुटणार कशी?

थोडक्यात, एआयनं नक्कलीची किंमत जवळपास शून्यावर आणली. आतापर्यंत नक्कल करणाऱ्याला निदान पैसे तरी मिळायचे. आता 'अमुक बँडसारखं वाजवा' हे काम फुकटात होणार असेल, तर बँडकडं विकायला एकच गोष्ट उरते. ती म्हणजे आपण कोण, कुठले आणि हे गाणं आपणच का म्हणायचं. जे आधी शौक म्हणून चालायचं, ते आता पोटापाण्याचं झालंय.

वाशिमकडं काय आहे?

१ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. सहा तालुके आहेत, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ९७ हजार, आणि त्यातले ८० टक्क्यांहून जास्त लोक खेड्यांत राहणारे. सोयाबीन, कापूस आणि तुरीचा जिल्हा. वाशिम म्हटलं की रॉक बँड आठवत नाही, हे खरंच.

पण आवाजांच्या बाबतीत हा जिल्हा गरीब नाही.

मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे देशभरातल्या बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. रामनवमीला इथं मोठी यात्रा भरते. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते इथं बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. त्या संग्रहालयाला नाव दिलंय एका वाद्याचं, नंगारा. त्या दिवशी पंतप्रधानांनी मंदिरात ढोलवाद्य वाजवल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. होळीच्या दिवसांत तांड्यांवर लेंगी गायल्या जातात. त्या ज्या गोर बोलीत असतात, तिला स्वतःची लिपी नाही आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही तिला जागा मिळालेली नाही. म्हणजे ती भाषा टिकलीय ती बोलण्यात आणि गाण्यात.

दुसरीकडं गावोगावची भीमगीतं. १४ एप्रिलच्या आधीपासून वस्तीवस्तीत तालमी चालतात. आणि तिसरी म्हणजे विदर्भाची खंजिरी.

खंजिरीवरून आठवलं. 'स्वतःचा आवाज' म्हणजे काय, याचं विदर्भातलं सगळ्यात मोठं उदाहरण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं आहे. १९०९ ते १९६८ हा त्यांचा काळ. हातात एक छोटीशी खंजिरी, आणि तिच्यावर त्यांनी हजारोंच्या सभा बांधून ठेवल्या. भजनातून गावसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता हे विषय मांडले. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेत ते गेले तेव्हाही ओळख हीच होती. खंजिरी काही त्यांनी शोधली नव्हती. पण आज विदर्भात खंजिरी वाजली की आधी कोण आठवतं, ते सांगायला नको. रॉक बँडवाले आयुष्यभर ज्या गोष्टीच्या मागं धावतात, ती हीच.

पण नंगारा नेमका कुणाचा?

इथं एक धोक्याची सूचनाही द्यायला हवी. 'लोकसंगीत घ्या, त्याला गिटार जोडा, झालं फ्यूजन' एवढं हे सोपं नाही.

'एनिग्मा' नावाच्या जर्मन ग्रुपचं 'रिटर्न टू इनोसन्स' हे गाणं जगभर गाजलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारातही ते वाजलं. त्यात मागं जो घुमणारा आवाज येतो, तो तैवानमधल्या आमिस या आदिवासी जमातीच्या दिफांग आणि इगाय दुआना या वृद्ध जोडप्याचा होता. ते एका सांस्कृतिक कार्यक्रमासाठी युरोपात आले असताना त्यांचं गाणं रेकॉर्ड झालं होतं. गाणं हिट झालं, पण त्यांना ना श्रेय मिळालं ना पैसे. त्यांना केस करावी लागली. १९९९ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, तेव्हा कुठं त्यांचं नाव लागलं.

आता एआयच्या काळात हाच प्रश्न शंभर पटीनं मोठा झालाय. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग प्रोत्साहन विभागाच्या समितीनं एक कार्यपत्र प्रसिद्ध केलं. त्यात सुचवलंय की एआय कंपन्यांनी शिकवणीसाठी गाणी-लेखन वापरावं, पण त्याची रॉयल्टी हक्कदारांना द्यावी. ऐकायला छान आहे. पण रॉयल्टी मिळते हक्क ज्याच्या नावावर आहे त्याला. तांड्यावर पिढ्यान्‌पिढ्या गायल्या जाणाऱ्या लेंगीचा गीतकार कोण? तिची रॉयल्टी कुणाच्या खात्यावर जमा होणार? कॉपीराइट कायद्यानं गीतकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. पण जिथं गीतकाराचं नावच माहीत नाही, तिथं ही हयातीची मोजणी कुणापासून करायची?

म्हणून मुद्दा एवढाच की हे गाणं ज्यांचं आहे, त्यांच्यातली पोरं जर बँडमध्ये असतील, तर त्याला वेगळेपण म्हणता येईल. बाहेरून येऊन कुणी आवाज उचलून नेला, तर ती पुन्हा एक नक्कलच, फक्त गरिबाच्या घरातून केलेली.

मग अडतं कुठं?

एवढं सगळं असेल, तर बँड का उभा राहत नाही? याची कारणं प्रतिभेत शोधण्यापेक्षा व्यवहारात शोधलेली बरी.

पहिलं कारण स्टेज. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे कार्यक्रम नवी मुंबई आणि अहमदाबादला झाले. त्यानंतर पंतप्रधानांनीही 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला. त्याच वर्षी ५ जूनला समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता वाशिम जिल्ह्यातूनही जातो. म्हणजे कॉन्सर्ट बघायला मुंबईला जाण्याची सोय झाली. पण आपलं गाणं वाजवायला आपल्याच गावात शंभर माणसांचा हॉल, त्यात बरा साउंड आणि तिकीट काढून येणारे लोक, ही सोय रस्त्यानं होत नाही.

छोट्या जिल्ह्यात वाजवायला मिळतं ते लग्नात, जयंतीला, गणपतीत आणि नवरात्रात. तिथं पैसे देणारा सांगेल ते गाणं वाजवावं लागतं. त्यातही ऑर्केस्ट्राची जागा आता डीजेनं घेतलीय.

वर आवाजाचे नियम. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी, रात्री १२ पर्यंत सूट देता येते. हे दिवस बहुतेक सणांनाच जातात. नियम चुकीचा आहे असं नाही, लोकांना झोप हवीच. पण बंद हॉल नसलेल्या गावात त्याचा अर्थ असा होतो की बँडला वेळ उरत नाही. मुंबईतही तेच झालं. ज्या रंगभवनात रॉकच्या पिढ्या घडल्या, तिथले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमामुळं बंद पडले.

दुसरं कारण कप्पे. वाशिमची कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात येतात. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात देशभर साधारण एकच साचा चालतो. भारतीय समूहगान वेगळं, पाश्चात्त्य समूहगान वेगळं, लोकवाद्यवृंद वेगळा. आता समजा मानोऱ्याच्या पोरांनी नंगारा, गिटार आणि गोर बोलीतलं गाणं एकत्र केलं, तर त्यांनी नाव कुठल्या कप्प्यात द्यायचं? 'पाश्चात्त्य'मध्ये गेले तर नंगारा नडणार, 'लोकवाद्य'मध्ये गेले तर गिटार नडणार. जिथं पहिलं स्टेज मिळायचं, तिथंच वेगळेपणाचे मार्क कापले जाणार.

तिसरं कारण पैसे. गाणं स्पॉटिफायवर टाकणं आज सोपं आहे. पण २०२४ पासून तिथं नियम आहे की १२ महिन्यांत किमान १ हजार वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. म्हणजे ज्या बँडला एकेक रुपयाची गरज आहे, तोच दारात अडतो.

तरीही करायचंच असेल तर?

तर काही गोष्टी आजच करता येतात. गाणं तुमचं असेल तर कॉपीराइट आपोआप तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, कधी रेकॉर्ड केलं, हे बँडनं कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवावं. बँड फुटतात तेव्हा भांडणं यावरूनच होतात. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिचं सदस्य होता येतं. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी लिहून घेता येत नाही, हेही माहीत असू द्या. आणि कुणा आजीकडून लेंगी घेतली असेल, तर तिचं आणि तिच्या तांड्याचं नाव गाण्यासोबत लावा. त्याला पैसे लागत नाहीत.

विद्यापीठाला युवा महोत्सवात 'बँड, स्वतःचं गाणं' असा एक कप्पा वाढवता येईल. नगरपालिकेला आपल्या हॉलची एखादी शनिवारची संध्याकाळ, १० च्या आत संपणारी, स्थानिक गाण्यांना देता येईल. यासाठी कोल्डप्लेच्या बजेटची गरज नाही.

इंडस क्रीडला कव्हर सोडायला काही वर्षं लागली, नाव बदलायला त्याहून जास्त. वाशिमच्या पोरांना तेवढा वेळ मिळेलच असं नाही, कारण आता मशीनही रांगेत उभं आहे. पण त्या मशीननं पोहरादेवीची यात्रा पाहिलेली नाही, सोयाबीन घरात आल्यावर भाव पडलेला पाहिलेला नाही, आणि जयंतीच्या आदल्या रात्री वस्तीतली तालीमही ऐकलेली नाही. ते गाणं कुणीतरी आधी म्हणावं लागेल. मशीन त्याची नक्कल नंतर करेलच, पण तोपर्यंत ते कुणाचं आहे हे लोकांना माहीत झालेलं असेल.